दोन रुळांच्या मधलं गाव

माझे दादा धर्मापुरीहून हैदराबादला निघत, तेव्हा प्रवासाचा पहिला टप्पा बैलगाडीचा असे. घाटनांदूरचं स्टेशन गाठायचं, तिथे गाडीची वाट पाहत बसायचं आणि मग लातूर रोड, उदगीर, भालकी, बिदर, जहीराबाद, विकाराबाद करत हैदराबाद. नात्यातली लग्नं, कोर्टाचं काम, कापडाची खरेदी, सगळ्यासाठी वाट हीच. निम्मं दमणं स्टेशनपर्यंत पोहोचण्यातच व्हायचं. त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, घरातल्या दखनीत: "गाव टेशन कू जाता, टेशन गाव कू नई आता."

मागच्या ईदला गावी गेलो होतो. चहाच्या हॉटेलात मुंबई–हैदराबाद बुलेट ट्रेनची चर्चा रंगली होती. ती सोलापूरकडून जाणार की नांदेडकडून, यावर दोन तट पडले होते. एक पोरगा मध्येच म्हणाला, "कुठूनबी जाऊ द्या, धर्मापुरीला थांबणार हाय का?" सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या बसमध्ये तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण गेल्या दीडशे वर्षांत आमच्या भागाचं नशीब ज्या प्रश्नावर ठरत आलं, तो नेमका हाच आहे. गाडी कुठे थांबणार आणि ते कोण ठरवणार?

धर्मापुरीत कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वराचं देऊळ आहे, किल्ला आहे. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरचं कोरीव काम पाहायला दुरून अभ्यासक येतात. नऊशे वर्षांपूर्वी इथे असं देऊळ उभं राहिलं, म्हणजे कारागीर, पैसा आणि माणसांची ये-जा होती. गाव तेव्हा आडबाजूला नव्हतं. ते नंतर आडबाजूला पडलं, आणि त्यात रुळांचा मोठा वाटा आहे.

एका थांब्याची किंमत

आधी आजच्या वेगाचं गणित पाहू. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे. त्यावर १२ स्टेशनं ठरली आहेत. त्यातली चार महाराष्ट्रात (मुंबईतलं वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर) आणि आठ गुजरातमध्ये. आराखड्यानुसार मध्ये फक्त सुरत आणि वडोदऱ्याला थांबणारी गाडी हे अंतर २ तास ७ मिनिटांत कापेल. सगळीकडे थांबणारी गाडी २ तास ५८ मिनिटं घेईल. म्हणजे आठ जादा थांब्यांसाठी ५१ मिनिटं. एका थांब्याला साधारण सहा मिनिटं पडतात.

प्लॅटफॉर्मवर गाडी एक-दोन मिनिटंच उभी राहते, मग सहा मिनिटं कशी? ताशी ३२० किलोमीटरनं धावणारी गाडी थांबवायची तर कित्येक किलोमीटर आधीपासून वेग कमी करावा लागतो. निघाल्यावर तो वेग पुन्हा गाठायला आणखी कित्येक किलोमीटर जातात. थांबा जितका लहान गावासाठी, तितकी गाडीतल्या शेकडो लोकांनी मोजलेली ही सहा मिनिटं इंजिनिअरला महाग वाटतात. म्हणून तो म्हणतो, थांबे कमी ठेवा.

त्याचं म्हणणं चूक नाही. पण हिशेबाची दुसरीही बाजू आहे. गाडी ज्यांच्या शेतातून जाते आणि ज्यांच्यासाठी थांबत नाही, त्यांनीही किंमत मोजलेली असते. जमीन गेलेली असते, रस्ता वळवलेला असतो, आणि बाजार थांबा मिळालेल्या शेजारच्या गावाकडे सरकलेला असतो. ही किंमत मिनिटांत मोजता येत नाही, त्यामुळे ती कागदावर येत नाही.

पहिला मार्ग: सोलापूरकडून

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. पुढे १८७१ मध्ये ती रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाली. मुंबई आणि मद्रास ही इंग्रजांची दोन मोठी बंदरं आणि दोन मोठ्या सत्ताकेंद्रांची शहरं. त्यांना जोडणारा मार्ग गुलबर्गा आणि वाडीवरून, म्हणजे निजामाच्या मुलखातून गेला. पण निजामाची राजधानी हैदराबाद मात्र जवळपास दोनशे किलोमीटर बाजूला राहिली.

विचार करा. दख्खनमधलं सर्वांत मोठं संस्थान, त्याच्याच जमिनीवरून रूळ गेले आणि त्याच्याच राजधानीला थांबा मिळाला नाही. शेवटी दिवाण सालारजंग यांच्या काळात संस्थानाच्या पैशातून वाडी ते सिकंदराबाद अशी जोडरेषा टाकली गेली. ती १८७४ मध्ये सुरू झाली. मुख्य मार्गानं वगळलं तर राजधानीलाही स्वतःच्या खर्चानं फाटा काढून मुख्य मार्गाकडे जावं लागतं. दादांचं वाक्य निजामालाही लागू होतं.

याच मार्गावर सोलापूरच्या अलीकडे बार्शीची गोष्ट घडली. बार्शी ही मराठवाड्याच्या तोंडावरची मोठी पेठ. कापूस, गळिताची धान्यं तिथे येत. रूळ मात्र तिच्यापासून तीस-पस्तीस किलोमीटर दुरून गेले. मग कुर्डुवाडीच्या स्टेशनला नाव मिळालं 'बार्शी रोड'.

रेल्वेच्या भाषेत हा 'रोड' शब्द फार बोलका आहे. स्टेशनच्या नावापुढे 'रोड' दिसला की समजावं, गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून निघतो. आमच्या मार्गावरचं लातूर रोडही असंच. लातूर शहर तिथून तीसेक किलोमीटर दूर.

बार्शीकरांची वाट शेवटी अरुंद रुळानं सोपी केली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये ती बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. गाडी छोटी होती, संथ होती. पण लातूरची पेठ वाढली ती या छोट्या गाडीच्या आधारानं. मुख्य मार्गावर नसलेलं गाव जगू शकतं, फक्त मुख्य मार्गापर्यंत नेणारं काहीतरी हवं.

मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी विचारलेला प्रश्न

आपल्याकडे एक समज आहे की संस्थानातली प्रजा निमूट होती, रेल्वे कुठून न्यायची हे निजाम आणि रेसिडेंट ठरवत आणि लोक मान डोलावत. १८८३ चं चांदा रेल्वे प्रकरण हा समज खोडून काढतं.

हैदराबादपासून चांद्यापर्यंत (आजचं चंद्रपूर) रेल्वे नेण्याची योजना पुढे आली. भांडवल लंडनचं आणि त्यावरच्या परताव्याची हमी संस्थानाच्या तिजोरीची, असा तो व्यवहार होता. सालारजंग त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. निजाम महबूब अली खान अजून सज्ञान झाले नव्हते. अशा वेळी हैदराबादच्या काही शिकलेल्या लोकांनी समिती केली आणि मागणी केली की योजनेची सगळी कागदपत्रं लोकांसमोर ठेवा, हिशेब दाखवा, मगच निर्णय घ्या. त्यांत मुल्ला अब्दुल कय्यूम होते. सरोजिनी नायडूंचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. हिंदू-मुस्लिम एकत्र येऊन सरकारला जाहीरपणे जाब विचारण्याचा संस्थानातला हा अगदी सुरुवातीचा प्रसंग मानला जातो.

सरकारला हे रुचलं नाही. अघोरनाथांना संस्थानाबाहेर पाठवण्यात आलं, पुढे त्यांना परत बोलावलं गेलं. नव्या कंपनीच्या नावातच 'गॅरंटीड' हा शब्द आला. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे, म्हणजे नफ्याची हमी असलेली रेल्वे. रूळ आधी पूर्वेकडे वरंगळ आणि बेझवाड्याला गेले. चांद्याकडची जोडणी काझीपेठ–बल्लारशा मार्गानं पूर्ण व्हायला १९२९ उजाडलं.

मुल्ला अब्दुल कय्यूम पुढे काँग्रेसच्या बाजूनं उभे राहिलेले हैदराबादचे पहिल्या फळीतले मुस्लिम विचारवंत म्हणून ओळखले गेले. आमच्या पाठ्यपुस्तकांत ते नाहीत. मला त्यांची आठवण येते ती एका कारणासाठी. त्यांनी 'रेल्वे आमच्या गावाला आणा' असं म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, पैसा कुणाचा, फायदा कुणाचा आणि आम्हाला आधी का सांगितलं नाही? थांब्याचा प्रश्न नीट विचारायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

दुसरा मार्ग: गोदावरीच्या खोऱ्यातून

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठवाड्यात दुसरी रेषा आली. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद करत सिकंदराबादला जाणारा मीटरगेजचा मार्ग. छप्पन्नच्या मोठ्या दुष्काळाच्याच वर्षांत, १९०० च्या सुमारास, तो सुरू झाला.

नाव गोदावरी व्हॅली, आणि मार्गही खोऱ्याच्या सपाटीला धरून. रूळ टाकणाऱ्याला चढ परवडत नाही. खोरं स्वस्त, बालाघाटचा डोंगर महाग. मग बालाघाटावरची गावं वगळली गेली. बीड जिल्ह्याचं ठिकाण असूनही वगळलं गेलं. अंबाजोगाई, तेव्हाचं मोमिनाबाद, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. तीही वगळली गेली. अंबाजोगाईला आजही रेल्वे नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला सोलापूर–गुलबर्गा–वाडी हा १८७१ चा मार्ग. उत्तरेला जालना–परभणी–नांदेड हा १९०० चा. दोन्ही रेषा मुंबईकडून निघून हैदराबादकडे जाणाऱ्या. त्यांच्या बरोबर मध्ये बालाघाट, आणि त्यावर बीड, केज, धारूर, अंबाजोगाई, धर्मापुरी. मुंबई आणि हैदराबाद यांच्यामध्ये असणं हेच आमचं दुर्दैव ठरलं. दोन्ही टोकांना जोडणारे आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले.

या दोन रेषांना छेदणारा रूळ आला तो विकाराबादकडून. १९३० मध्ये बिदरपर्यंत आणि १९३२ मध्ये परळीपर्यंत. याच रुळानं आम्हाला घाटनांदूर दिलं. धर्मापुरीला नाही, पण बैलगाडीच्या टप्प्यात. परळीला रेल्वे आली, पुढे १९७१ पासून तिथे औष्णिक वीज केंद्र चालू झालं. कोळसा येणार कसा, तर रुळावरून. एका थांब्यातून दुसरं काम, त्यातून तिसरं, अशी गावं मोठी होतात.

स्टेशनच्या पुढची बस

याच १९३२ साली हैदराबाद संस्थानात आणखी एक गोष्ट झाली, जिची आठवण आज फार कमी लोकांना आहे. निजाम स्टेट रेल्वेनं स्वतःचा रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. २७ बस आणि १६६ कर्मचारी. रेल्वे दोनच वर्षांपूर्वी, १९३० मध्ये, कंपनीकडून सरकारच्या ताब्यात आली होती. रूळ आणि रस्ता एकाच खात्याच्या हातात असावेत, असा विचार त्यामागे होता. जिथे रूळ जात नाही तिथे बस जाईल, आणि दोघांची मालकी एकच असल्यामुळे स्पर्धा न होता साखळी तयार होईल.

२७ बसनी सगळा मुलूख जोडला गेला असं मी म्हणणार नाही. संस्थानाच्या राजवटीचा गौरव करण्याचाही माझा हेतू नाही. सामान्य रयतेच्या हालांच्या कहाण्या आमच्या घराघरात आहेत. पण विचार म्हणून तो आजच्यापेक्षा शहाणा होता. पुढे बस आणि रेल्वे वेगळ्या झाल्या. आज रेल्वेचा कारभार दिल्लीतून चालतो आणि एसटीचा मुंबईतून. गाडी स्टेशनात येते तेव्हा बस निघून गेलेली असते. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही.

आमच्याबाबतीत गुंता आणखी वाढला. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन मुंबई राज्यात आला. कचेऱ्या, मंत्रालय, विद्यापीठ सगळ्यांची दिशा बदलली. रूळ मात्र होते तिथेच राहिले, हैदराबादकडे तोंड करून. घाटनांदूरचा मार्ग आजही दक्षिण मध्य रेल्वेकडे आहे आणि तिचं मुख्यालय सिकंदराबादला. राज्य बदललं की माणसाचा पत्ता एका दिवसात बदलतो, रूळ वळायला पिढ्या जातात.

इथे मला इब्न बतूता आठवतो. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाच्या काळात तो हिंदुस्थानात होता, दौलताबादलाही येऊन गेला. त्यानं डाकव्यवस्थेचं बारीक वर्णन करून ठेवलंय. घोड्यांची डाक दर चार मैलांवर बदलायची. पायी डाकेची चौकी मात्र दर मैलाला तीन. हरकाऱ्याच्या हातात घुंगरू लावलेली काठी. तो आवाज ऐकला की पुढच्या चौकीवरचा माणूस तयार होऊन उभा राही. पत्र हातात पडलं की तो धावत सुटे. आणि ही पायी डाक घोड्यांच्या डाकेपेक्षा वेगवान होती, असं इब्न बतूता लिहितो.

माणूस घोड्यापेक्षा वेगानं धावू शकत नाही. तरी पत्र लवकर पोहोचायचं, कारण पुढचा माणूस आधीच उभा असायचा. एकूण प्रवासाचा वेग असा हातोहात देण्यावर ठरतो. मुंबई–हैदराबाद अंतर तीन-साडेतीन तासांत कापलं, पण स्टेशनपासून धर्मापुरीला यायला पाच तास लागले, तर आमच्यासाठी ती गाडी वेगवान कशी म्हणायची?

जपानचा पुतळा आणि फ्रान्सचं बीट

हा गुंता आपलाच आहे असं नाही. जगातली पहिली बुलेट ट्रेन जपाननं १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका मार्गावर सुरू केली. पाचशेपेक्षा जरा जास्त किलोमीटर आणि १२ स्टेशनं, म्हणजे जवळपास आपल्या मुंबई–अहमदाबाद इतकंच. त्यांनी पहिल्या दिवसापासून दोन प्रकारच्या गाड्या ठेवल्या. 'हिकारी', म्हणजे प्रकाश, मध्ये फक्त नागोया आणि क्योतोला थांबायची. 'कोदामा', म्हणजे प्रतिध्वनी, प्रत्येक स्टेशनावर थांबायची. लहान स्टेशनावर जादा रूळ टाकले, तिथे कोदामा बाजूला उभी राही आणि हिकारी पुढे निघून जाई. कुणाला वगळायचं हा प्रश्न त्यांनी अशा रीतीनं बराचसा सोडवला. पुढे मागणी वाढली तशी नवी स्टेशनंही जोडली गेली.

राजकारण तिथेही होतं. गिफू-हाशिमा नावाचं स्टेशन भातशेतीच्या भागात झालं. ते ओनो बान्बोकु या वजनदार नेत्याच्या दबावानं झालं, असं लोक अजून म्हणतात. स्टेशनसमोर ओनो आणि त्यांच्या पत्नीचा पुतळा आहे. रेल्वेची बाजू अशी की पुढचा पट्टा बर्फाचा असल्यानं गाड्या थांबवायला तिथे जागा हवीच होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

फ्रान्सचा धडा जास्त कडू आहे. पॅरिसहून उत्तरेकडे जाणारा वेगवान मार्ग आमिआँ शहरावरून जावा अशी तिथल्या लोकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. तोडगा म्हणून आमिआँ आणि सँ-काँतँ या दोन शहरांच्या मध्ये, शेतांत, १९९४ मध्ये एक स्टेशन बांधलं. ते ना या शहराचं, ना त्या. साध्या रेल्वेनंही ते दोघांपैकी कुणाशी जोडलेलं नव्हतं. आजूबाजूला साखरेच्या बीटची शेती, म्हणून लोकांनी त्याला नाव ठेवलं 'बीटचं स्टेशन'.

दोन गावांनी थांबा मागितला की मध्ये कुठेतरी देऊन टाकायचा, हा आपल्या पुढाऱ्यांचाही आवडता तोडगा आहे. त्यातून फीत कापायला जागा मिळते, गाडीत चढायला माणूस मिळत नाही.

तीस वर्षांची वाट

आमच्या जिल्ह्याची स्वतःची रेल्वे म्हणजे अहमदनगर–बीड–परळी. अंतर २६१ किलोमीटर. मंजुरी १९९५ ची. खर्चाचा निम्मा वाटा राज्यानं उचलायचा असं पुढे ठरलं. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, गाडी बीडला पोहोचली. त्या दिवशी स्टेशनवर म्हातारी माणसं नुसती गाडी बघायला आली होती. बीड ते परळी हा टप्पा तेव्हाही बाकीच होता.

तीस वर्षं म्हणजे एक पिढी. या काळात आमच्या भागातून दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघत राहिल्या. मुकादमाची उचल घेतलेली, भांडीकुंडी, लेकरंबाळं, जनावरं ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोंबलेली. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जाणारा हा महाराष्ट्रातला एक फार मोठा हंगामी प्रवास. त्यात सगळ्या जातींचे आणि धर्मांचे लोक आहेत, आमचेही आहेत. रेल्वेचे प्रवासी मोजणाऱ्या कुठल्याही तक्त्यात हे लोक येत नाहीत, कारण त्यांनी तिकीट काढलेलंच नसतं. तक्त्यात नाहीत, म्हणून मागणी नाही. मागणी नाही, म्हणून थांबा नाही. आणि थांबा नाही, म्हणून पुन्हा ट्रकच. थांबा ठरवणाऱ्या आकड्यांत हे चक्र कुठेच दिसत नाही.

पुन्हा तेच दोन मार्ग

आता चहाच्या हॉटेलातल्या वादाकडे येऊ. मुंबई–हैदराबाद वेगवान रेल्वेचा प्रस्तावित मार्ग पुणे, सोलापूर, कलबुर्गीवरून आखलेला आहे. २०२१ मध्ये तेव्हाचे सार्वजनिक बांधकाम मंत्री अशोक चव्हाण यांनी तो औरंगाबाद, जालना, नांदेडवरून न्यावा अशी मागणी केली होती. नीट पाहा. पहिला मार्ग १८७१ चा आहे. दुसरा १९०० चा. दीडशे वर्षांनी वेग दहापट झाला, पण नकाशावरच्या रेषा त्याच राहिल्या. आणि आम्ही पुन्हा त्या दोन रेषांच्या मध्ये.

मी धर्मापुरीला बुलेट ट्रेनचा थांबा मागत नाही. मागितला तर ते पोरगंच मला हसेल, आणि त्याचं बरोबर असेल. सहा मिनिटांचं गणित मला मान्य आहे. बालाघाटावर एखादं 'बीटचं स्टेशन' बांधून आमची समजूत काढली, तर तेही मला नको. माझं मागणं वेगळं आहे.

मार्ग कुठलाही ठरो, आमच्यासाठी सर्वांत जवळचा थांबा कोणता हे आधी सांगा. सोलापूर असो की नांदेड, तिथून लातूर रोड, घाटनांदूर, परळीकडे येणारी साधी गाडी त्या वेगवान गाडीच्या वेळेला जोडलेली असेल का? कोविडनंतर देशभर कितीतरी लहान स्टेशनांवरचे थांबे रद्द झाले. वेगवान मार्गासाठी पैसा ओतताना या लहान थांब्यांचं काय होणार? धर्मापुरीच्या आजारी माणसाला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातून पुढे मोठ्या शहरात न्यायची वेळ आली, तर त्याच्या वाट्याला किती गाड्या बदलणं येईल? पुण्यात शिकणारी मुलगी रात्री नऊला स्टेशनवर उतरली, तर तिच्यासाठी बस उभी असेल का? मार्ग आखला जात असतानाच हे प्रश्न विचारले पाहिजेत. रूळ पडले की उत्तरं बदलत नाहीत, हे आम्ही दोनदा पाहिलंय.

आणि हे प्रश्न गावानं एकत्र विचारावे लागतील. केदारेश्वराच्या यात्रेला जाणाऱ्यांनी आणि ईदगाहवर जमणाऱ्यांनी मिळून. १८८३ च्या हैदराबादेत मूठभर लोकांनी ते केलं होतं, तेही मतदानाचा हक्क नसताना. आपल्याकडे ग्रामसभा आहे, जमीन घेताना होणारी जनसुनावणी आहे, माहितीचा अधिकार आहे. मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी मागितलेली कागदपत्रं आज दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात.

परवा त्या पोराचा फोन आला होता. त्याला पुण्यात काम लागलंय. विचारत होता, घाटनांदूरहून कुठली गाडी बरी पडेल? मी सांगितली. मग म्हणाला, "पण घाटनांदूरपर्यंत जायचं कसं? त्या वेळेला गाडीच नाही." दादा बैलगाडी जुंपायचे. त्याला आता शेजाऱ्याची मोटरसायकल मागावी लागणार होती.